गुरुजींचा पगार, काकांचं ऑपरेशन

जेवता जेवता माझ्या मुलाने सांगितलं की नसबंदीचं ऑपरेशन तो स्वतःच करून घेणार आहे. दुसरी मुलगी झाली तेव्हाच सून पार खंगून गेली होती. दोन्ही बाळंतपणं पोट फाडून झालेली, अंगात रक्त नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून समजावलं की आता बाईला टेबलावर घेऊ नका, पुरुषाचं काम सोपं असतं, टाकासुद्धा लागत नाही. मुलाला ते पटलं. मेहकरला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. "बुधवारी गिऱ्हाईक कमी असते, बुधवारीच जाऊन येतो," तो म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

मला बरं वाटलं. अंगणवाडीत माझा जन्म गेला. आजवर शिबिराला नेल्या त्या सगळ्या बायाच. घरातल्या पुरुषापुढे विषय काढला की तो चपला घालून बाहेर पडायचा. माझ्याच घरात हे असं सहज बोललं जाईल असं वाटलं नव्हतं.

समोर काका जेवत होते. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मला त्यांनी आणि काकूने लहानाचं मोठं केलं. काकू गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. मुलगा त्यांना आबा म्हणतो. काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"घरी कोन आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही आबा. मीच ठरवलं."

"तू काऊन ठरवशीन? हे काम मानूस सोताच्या मनानं करते का? खरं सांग, कोनाचा जोर हाय तुयावर?"

मुलगा हसला. त्याला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी आहे. काका उठले, हात धुतले आणि आपल्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला तर मला हळूच म्हणाले, "त्याले म्हन, चार-आठ दिवस डोणगावले वावरात जाऊन राह्य. आपली झोपडी हाय तिथं. मी जातो संगं."

मग मला मुलाला सांगावंच लागलं. आमच्या घरात हे गुपित कधीच नव्हतं. फक्त कोणी बोलत नव्हतं.

माझे वडील डोणगावजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, घरात आम्हीही गुरुजीच म्हणायचो. आणीबाणीत वरून हुकूम आला की प्रत्येक मास्तरने नसबंदीच्या दोन केसेस आणायच्या, नाहीतर पगार निघणार नाही. तेव्हा माणसाला केस म्हणत. गुरुजींना आम्ही पाच लेकरं. पहिली केस ते स्वतः झाले. दुसरी मिळेना. मास्तर किंवा तलाठी गावात दिसला की माणसं पळायची, तरणी पोरं ज्वारीच्या वावरात झोपायची, बाजाराला फक्त बाया जायच्या. गुरुजींचा पगार थांबला. दुकानदाराने उधार बंद केलं. आईने शेजारणीकडून कण्या आणून शिजवल्याचं मला अंधुक आठवतं. मी चार-पाच वर्षांची असेन.

काका तेव्हा डोणगावला वडिलोपार्जित तुकड्यात भाजीपाला करायचे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, त्यांचा मुलगा नुकताच रांगायला लागलेला. गुरुजी त्यांच्याकडे वावरात गेले. तिथे काय बोलणं झालं हे मला काकूने सांगितलं, तेही एकदाच, ती भाकरी थापत असताना. गुरुजी म्हणाले होते, "तुले एक पोरगा हाय. मले कोनी दुसरा हाय का सांग." आणि त्यांनी धाकट्या भावाच्या पायाला हात लावला. काका पाण्याचं दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवत होते. त्यांनी फावडं टाकलं, हातपाय धुतले आणि तसेच गुरुजींच्या सायकलवर मागे बसून गेले. काकूला त्यांनी परत आल्यावर सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात त्यांचा मुलगा हगवणीने गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी गुरुजी मला एसटीने डोणगावला घेऊन आले. दोन फ्रॉक होते पिशवीत. काकू ओट्यावर बसली होती. गुरुजी म्हणाले, "ही आता तुमची." काकूने त्यांच्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला, माझा हात धरला आणि आत गेली. त्या दिवसापासून ती मरेपर्यंत गुरुजींशी एक शब्द बोलली नाही. ते आले की पाणी ठेवायची, चहा ठेवायची आणि आत जायची.

गुरुजींनी मात्र तो काळ वेगळाच जपून ठेवला होता. रिटायर झाल्यावर ते पारावर बसून सांगायचे की तेव्हा साहेब टायमावर ऑफिसात यायचे, दुकानावर मालाच्या भावाची पाटी असायची, वशिला चालत नव्हता. "थोडी शिस्त होती लोकाईले," असं म्हणायचे. एकदा ते हे आमच्या ओट्यावर बसून सांगत होते आणि काका शेजारीच लसूण सोलत होते. मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी सोललेला लसूण वाटीत टाकला, पुढचा गड्डा उचलला. गुरुजी ढोंग करत होते असं मला वाटत नाही. दुसरं काही आठवलं असतं तर त्यांना झोप लागली नसती.

एवढं सगळं मी मुलाला त्याच्या दुकानात बसून सांगितलं. तो तांब्याची तार गुंडाळत ऐकत होता. आणीबाणी त्याला ठाऊक होती, शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींपुरती. माझं झाल्यावर तो म्हणाला, "पण आई, आबाले पोलीस घेऊन गेले होते का?"

"नाही."

"मंग कोणी मारलं, धमकावलं?"

"नाही रे."

"मंग त्यांनी नाही म्हणायचं होतं. सख्खा भाऊच तर होता."

पोलीस दारात नसतानाही माणूस कसा घाबरतो, भाऊच भावाच्या पाया पडतो तेव्हा त्यामागे कोण उभं असतं, हे कुठल्या शब्दांत सांगायचं? मला एकदम फार थकल्यासारखं झालं. "चाल, मी निघते," म्हणाले आणि घरी आले.

बुधवारी काका पहाटेच अंघोळ करून धोतर-टोपी घालून तयार. नको म्हटलं तरी ऐकेनात. दवाखान्यात बाकावर ते मुलाला अगदी चिकटून बसले. नर्सने नाव पुकारलं तसे मुलाच्या आधी तेच उभे राहिले.

"बाई, यानं सही सोताच्या मनानं केली का?"

नर्स तरुण होती. तिला गंमत वाटली. "हो आजोबा, त्यांच्याच मनाने."

"तुमी नोका सांगू. त्याले सांगू द्या."

व्हरांड्यातले लोक बघायला लागले. मुलगा ओशाळला. "आबा, काऊन लोकाईत तमाशा करून राह्यले? माझ्याच मनानं करून राह्यलो म्हटलं न."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाकावर बसले. मुलगा आत गेला. थोड्या वेळाने काका मला म्हणाले, "मले कोनी इचारलं नोतं. ऑपरेशन झाल्यावर एक कांबळ देल्लं होतं हातात. तुया काकूनं ते बैलाच्या पाठीवर टाकलं." पन्नास वर्षांत या विषयावर ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते दाराकडे बघत राहिले.

मुलगा लवकरच बाहेर आला, जरा पाय फाकवून चालत, पण हसत. आम्ही ऑटो केला. काका मध्ये बसले. रस्ता खराब होता, प्रत्येक खड्ड्याला ते मुलाचा दंड धरत. अर्ध्या वाटेवर मुलानेच विचारलं, "आबा, तुम्ही तेव्हा नाही म्हटलं असतं तं?"

मला वाटलं, हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. काकांनी मात्र रागावल्यासारखं केलं नाही.

"तं मास्तरचा पगार नसता निघाला," ते म्हणाले. "तुही माय तवा एवढुशी होती. दोन दिसाची उपाशी पाह्यली मी तिले. त्याच्या आदल्या हप्त्यात मास्तरासंगं आली तं माह्या वावरातलं कच्चं वांगं खाऊन राह्यली होती."

मला ते वांगं आठवत नाही. काका मात्र कच्चं वांगं खाणारी ती पोर इतकी वर्षं मनात घेऊन होते, आणि मी त्यांना फक्त नशिबाने नाडलेला माणूस समजत आले. मुलगा ऑटोच्या बाहेर बघत होता. काका घरी आल्या आल्या झोपले ते पार दिवेलागणीपर्यंत.

दोन दिवस आराम करून मुलाने दुकान उघडलं. त्या दिवशी घरी आला, डबा सुनेकडे दिला. मग स्वतःच म्हणाला, दुकानात चौघं बसले होते, त्यातला एक म्हणत होता की देशात पुन्हा एकदा आणीबाणी लावली पाहिजे, त्याशिवाय लोक सुधारत नाहीत. बाकीचे माना डोलावत होते.

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"काऊन?"

"कुठून सुरू करू, आई? अन् कोणाकोणाले सांगत बसू? ते म्हणतीन, पोलीस होते का."

तो हातपाय धुवायला मोरीत गेला. सून पोळ्या लाटत होती, धाकटी रडत होती. मी तिला खांद्यावर घेतलं आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागले.