थेल्माचा कप्तान

सत्तरीत पोटात दुखायला लागलं की डॉक्टर पित्ताच्या गोळ्या देतो. माझ्या दुखण्यावर गोळी नव्हती. माझ्या बायकोचा जीव एका कप्तानावर जडला होता, आणि तो लेकाचा कागदाचा होता.

बायको म्हणजे थेल्मा. इथं बेटाच्या दक्षिण टोकाला, डोव्हर गावात, सफरचंदाच्या शेडमध्ये एकतीस वर्षं तिनं पेट्या भरल्या. डोळे मिटून फळाचं वजन सांगेल. पण पाणी तिला सोसत नाही. ब्रूनी बेटाच्या फेरीबोटीत बसली तरी बादली लागते. आणि मी चाळीस वर्षं दक्षिणेच्या समुद्रात पिंजरे टाकून शेवंड धरायचा धंदा केला. माझ्या बोटीवर तिनं कधी पाऊल ठेवलं नाही.

अशा बाईनं गेल्या हिवाळ्यात वाचनालयातून ही जाडजूड कादंबरी आणली. धुक्याचा समुद्र, झोपेत कूस बदलणारी बेटं आणि हा कप्तान आर्दिन. शेगडीपाशी बसायची ती उठायचीच नाही. चहा गार व्हायचा, चॉप्स करपायच्या.

"मर्व्ह, ऐक ना. वारा फिरायच्या आधी आर्दिनला पाण्याचा वास बदललेला कळतो."

"त्यात काय एवढं? मलाही कळतो."

"हो का," म्हणाली आणि पान उलटलं.

हो का, म्हणे. पिकतं तिथं विकत नाही ते असं.

ती दुकानात गेली की मी पुस्तक उघडून चुका काढायचो. नैर्ऋत्येच्या वाऱ्यात हा गाढव किनाऱ्याला चिकटून नांगर टाकतो. बोटीच्या ढलप्या झाल्या असत्या. जेवताना मी तसं म्हणालोही.

"अरे, ते बेट जिवंत आहे. तेच त्याला धरून ठेवतं."

आता जिवंत बेटापुढं माझं काय चालणार? खरी चीड मात्र वेगळीच होती. नव्वदाव्या पानावर धुकं आलं, त्यात एक घंटा वाजली, आणि ती कुठून वाजतेय ते कुणाला कळेना. मी उभा होतो तो खुर्चीत बसलो. अगदी तसंच असतं ते. मी ते शंभरदा ऐकलंय, आणि माझ्या बायकोला सांगितलं कुणी, तर या परक्यानं.

त्या संध्याकाळी माझा तोल गेला. "चाळीस वर्षं खरा समुद्र तुझ्या दारात येऊन बूट काढत होता. कधी विचारलंस त्याला काही?"

तिनं पानात बोट घालून पुस्तक मिटलं. "दर खेपेला विचारलं. धक्क्यावर उभी राहून विचारलं. तू काय म्हणायचास?"

मी शेगडीत लाकूड सारलं.

"'ठीक.' चाळीस वर्षं नुसतं 'ठीक'."

खोटं नव्हतं ते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला माझा एक खडक सांगितला होता, शेवंडीनं भरलेला. तिनं शेडमध्ये शेजारी पेट्या भरणाऱ्या व्हॅलला सहज सांगितलं. व्हॅलचा नवराही बोटवाला. तिसऱ्या दिवशी त्या खडकावर दुसऱ्यांचे बारा पिंजरे. इथं प्रत्येक जण जागा लपवतो. जायचं दक्षिणेला तर आधी उत्तरेला निघतो. मी बायकोपासूनही लपवायला लागलो, आणि जागेबरोबर सगळंच लपवलं. देवमासे, पाण्यातला निळा उजेड, एकदा रडलो होतो तेसुद्धा.

बोट विकून सहा वर्षं झाली. आता लपवायचं कुणापासून? कपाटावरून मेणकापडात गुंडाळलेली वही काढली. सगळ्या जागा तिच्यात आहेत. बायकोच्या शेजारी खुर्ची ओढली.

"थेल्मा, तो पहिला खडक आठवतो? तिथं एकदा काय झालं ते सांगतो."

तिनं वहीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सांग की. पण थांब, एवढं प्रकरण संपू दे. आर्दिन बुडतोय."

वही मांडीवर घेऊन मी थांबलो, ती धक्क्यावर थांबायची तसा. अजून चौदा पानं होती.