दहा मिनिटांचं पाणी

ते गाव वसलं ते इंजिनाला तहान लागली म्हणून. आधी तिथे नदी आणि माळ एवढंच होतं. रूळ पडले, नदीकाठी विहीर खोदली गेली, उंच पायांवर लोखंडी टाकी उभी राहिली आणि गाडी पाणी प्यायला दहा मिनिटं थांबू लागली. त्या दहा मिनिटांवर चहावाले जगले, लाकडाची वखार निघाली, शाळा निघाली. स्टेशनाबाहेरचा न्हावी तेवढ्यात दाढी करून द्यायचा. एखादा गडी अर्ध्या दाढीनिशी डब्याकडे पळत सुटला की फलाटावर हशा पिकायचा.

पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळं गाव टाकीवाले म्हणे. रुळांपलीकडे, फलाटाच्या उलट्या बाजूला त्यांचं चाक होतं. फायरमन वर चढून इंजिनाच्या टाकीत पाइप धरायचा, खाली टाकीवाले चाक फिरवायचे. सोमवारी मात्र ते चाक अर्धंच फिरवत. सोमवारच्या गाडीत, इंजिनामागच्या पहिल्या डब्यात, त्यांची मुलगी असायची.

तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा टाकीवाले लग्नाला गेले नव्हते. "पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस," असं रागाच्या भरात बोलून बसले होते. मुलगी बापाच्याच वळणावर गेलेली. तिनं ते तंतोतंत पाळलं. पुढे तिला शेवटच्या स्टेशनच्या गावी शिक्षिकेची नोकरी लागली आणि दर सोमवारी ती दारावरून जाऊ लागली. कित्येक महिने दोघं नुसते बघत राहिले. मग एकदा तीच म्हणाली, "आईचा गुडघा कसाय?"

"दुखतो," ते म्हणाले. त्या दिवशी तेवढंच.

ड्रायव्हर वरून विचारायचा, "काय टाकीवाले, नदी आटली की काय?"

"पाइपात गाळ आलाय."

"सोमवारीच बरा येतो हा गाळ," म्हणून तो कपड्यांवरचा कोळसा झटकत बसायचा.

घरी बायको म्हणे, "चाक फिरवता येतं, जीभ तेवढी वळत नाही. 'घरी ये' म्हणायला किती पाणी लागतं हो?"

"सांगतो की," ते म्हणत. सात वर्षं सांगत होते.

मग डिझेलची इंजिनं आली. त्यांना पाणी नको होतं. कोळशाच्या इंजिनाची शेवटची फेरी सोमवारी होती. त्यानंतर गाडी इथे थांबणार नव्हती. बायकोनं निघताना बजावलं, "आज तिला घेऊनच या."

त्यांनी चाक जेमतेम फिरवलं. करंगळीएवढी धार पडू लागली. ड्रायव्हर कपड्यांवरचा कोळसा झटकत बसला.

"पुढच्या सोमवारी थांबणार नाही म्हणे," मुलगी खिडकीतून म्हणाली.

"हो."

"मग?"

ते चाकाकडे बघत राहिले. वीस मिनिटं झाली. गार्डनं शिट्टी मारली. मुलगी उठून दाराशी आली, दांडा धरून एक पाय पायरीवर ठेवला.

"बाबा, उतरू?"

त्या बाजूला नुसती खडी आणि खोल उतार. तिथून उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाला ते तीस वर्षं एकच वाक्य सांगत आले होते. तेच तोंडातून गेलं.

"उतरू नका, गाडी सुटतेय."

पोटच्या मुलीला ते 'नका' म्हणाले. तिनं क्षणभर बघितलं आणि पाय मागे घेतला. गाडी हलली. "अगं, तसं नव्हे," म्हणत ते चार पावलं धावले. इंजिनाच्या आवाजात ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

घरी बायकोनं तीन ताटं मांडली होती. त्यांना एकट्याला बघून तिनं एक उचलून ठेवलं. दोन दिवसांनी म्हणाली, "तुम्हीच जा की तिच्याकडे."

"सोमवारी हात करून बघतो. तिनं केला तर जातो."

सोमवारी ते वेळेआधीच चाकाशी जाऊन उभे राहिले. टाकी उतरवायला आलेली माणसं सावलीत बसली होती. नवं इंजिन भोंगा वाजवत आलं. टाकीवाल्यांनी हात वर केला. पहिल्या डब्याच्या खिडक्यांना काचा लावलेल्या होत्या, त्यांवर ऊन चमकत होतं. आत ती होती की नव्हती, हे कळायच्या आत शेवटचा डबा निघून गेला.