हा ज्ञ माझा न्हाय

"बाकीचं सगळं माझं हाय. ह्यो ज्ञ तेवढा माझा न्हाय."

धोंडिराम पेंटरांनी पुठ्ठा काउंटरवर आपटला. दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती, मालक चहा पीत होते, मी कॉम्प्युटरवर होते. पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं 'ज्ञानदेव' लिहिलं होतं. चार दिवसांपूर्वी मीच हे नाव एका जीपच्या मागच्या काचेसाठी केलं होतं. पेंटरांनी ती जीप रस्त्यात बघितली, जीपवाल्याकडून आमच्या दुकानाचं नाव घेतलं आणि घरी जाऊन नाव जसंच्या तसं उतरवून आणलं. माझ्या चुकीसकट.

आधी धंदा सांगते. दोन हजार सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका दुकानात मी डीटीपी ऑपरेटर होते. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईला तयार करायचा. पत्रिका, बिलबुकं असायचीच, पण खरी गर्दी नावांना होती. जीपच्या काचेवर पोराचं नाव, टेम्पोच्या टपावर आईचं नाव. नाव फोटोशॉपमध्ये घ्यायचं, सोनेरी रंग भरायचा आणि बेव्हल द्यायचा. बेव्हल म्हणजे अक्षराच्या एका कडेला उजेड, दुसऱ्या कडेला सावली. सपाट अक्षर पुरीसारखं फुगतं. मग त्याचा स्टिकर छापायचा.

अडचण फॉन्टची होती. गावातल्या सगळ्या दुकानांत तेच चार-पाच मराठी फॉन्ट. गिऱ्हाईक बघून नाक मुरडायचं. "ह्ये लग्नपत्रिकंवानी दिसतंय, मॅडम. जरा रांगडं करा की!"

मालकांनी त्यावर तोड काढली. धोंडिराम पेंटर तीस वर्षं हातानं बोर्ड रंगवत होते. कसबा बावड्यापासून गारगोटीपर्यंत त्यांची अक्षरं लांबून ओळखू यायची. पोटात भरलेली, खाली घट्ट बसलेली, आणि र ची शेपटी वर वळलेली. मालक कॅमेरा घेऊन फिरले आणि पंचवीस-तीस बोर्डांचे फोटो काढून आणले. मी ते स्कॅन केले. एकेका अक्षराच्या कडेनं माउसनं रेघ ओढून ते कापून घेतलं. दोन आठवडे हेच काम. फोल्डरला नाव दिलं 'रांगडं'.

"पेंटरांना विचारलंय का, मालक?" मी एकदाच विचारलं.

"अक्षर कुनाच्या बापाचं असतंय व्हय? क म्हंजे क!"

मी हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. मालकांचा येतो त्यापेक्षा जास्त.

नावं धडाधड जायला लागली. मग गडमुडशिंगीचा एक जीपवाला आला. त्याला हवं होतं 'ज्ञानदेव', त्याच्या वडिलांचं नाव. फोल्डरमध्ये ज्ञ नव्हता. फोटोतल्या एकाही बोर्डावर पेंटरांना ज्ञ लिहायची वेळ आलेली नव्हती.

मी तो बनवला. श ची गाठ कापली, त ची मान जोडली, खाली दुसऱ्याच अक्षराची दांडी लावली. लांबून बरा दिसत होता. बेव्हल दिल्यावर मात्र सांधे उघडे पडले. वळण मध्येच अडखळत होतं. ब्रश धरणाऱ्याचा हात थरथरला असावा, असं दिसत होतं. मला ते दिसलं. मालकांनाही दाखवलं.

"मागची काच हाय. दोन दिसांत धूळ बसंल. कोन बघतंय?"

बघणारे निघाले.

"तालमीचा बोर्ड तीस वर्सं मीच रंगवतोय," पेंटर काउंटरवर वाकून सांगत होते. "दर दसऱ्याआधी. परवा अध्यक्ष भेटलं. म्हनालं, पेंटर, जीपवरचं तुमचं अक्षर बघितलं. ज्ञ पार गेलाय. हात थरथरतोय आता तुमचा. औंदा बोर्ड कॉम्प्युटरवर करून घेतो. चारचौघांत म्हनालं."

तालमीच्या बोर्डाचं काम त्याच दिवशी सकाळी आमच्याकडे आलं होतं. मजकुराचा कागद माझ्या कीबोर्डखाली होता. म्हणजे मी बिघडवलेल्या अक्षरावरून त्यांचं काम गेलं होतं आणि ते आम्हालाच मिळालं होतं.

"ह्यो ज्ञ केला कुनी?" पेंटरांनी विचारलं.

मालकांनी कप खाली ठेवला. "पेंटर, त्यो कॉम्प्युटरनं केलाय."

माझं डोकं सणकलं. दोन आठवडे माउस धरून माझं मनगट सुजलं होतं, आणि म्हणे कॉम्प्युटरनं केलाय! पण मी समोरच्या पत्रिकेचा मजकूर जुळवत राहिले. पेंटरांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, पुठ्ठा उचलला आणि ते गेले.

"मालक, तालमीचं काम परत करा," मी म्हणाले.

"दुकान तुझं हाय का माझं?"

"मग मी बसणार नाही त्या कामाला."

"उद्या अध्यक्ष डिझाईन बघायला येनार हाईत. गुमान दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. जुने पैलवान. कान मोडलेले, आवाज मोठा. मालकांनी खुर्ची दिली आणि मला खूण केली. मी तालमीची फाईल उघडलीच नाही. 'ज्ञानदेव' उघडलं.

"ह्ये काय? ह्ये त्या जीपवरलं हाय की," अध्यक्ष म्हणाले.

फोटोशॉपमध्ये लेयर असतात. काचेचे तुकडे एकावर एक ठेवावेत तसे. प्रत्येकावर चित्राचा एक भाग असतो, आणि हवा तो भाग बाजूला सरकवता येतो. मी ज्ञ चे तुकडे एकेक करून सरकवले. गाठ एकीकडे, मान दुसरीकडे, दांडी तिसरीकडे.

"हा मी जोडलाय, अध्यक्ष. बाकीची अक्षरं पेंटरांच्या बोर्डांवरून आम्ही उचलली आहेत, न विचारता. हा ज्ञ माझा आहे. पेंटरांचा हात थरथरत नाही. मला जमला नाही."

"पोरगी नवी हाय," मालक घाईनं म्हणाले. मला तिथं दोन वर्षं झाली होती.

अध्यक्षांचे कानसुद्धा लाल झाले. "म्हंजे आमी त्या मानसाला तोंडावर थरथऱ्या म्हनालो, त्ये तुमच्या ह्या उद्योगापायी?" त्यांनी कागद मागून घेतला, मालकांना दोन शिव्या हासडल्या आणि थेट पेंटरांच्या घरी गेले.

तिथं काय झालं ते पेठेत सगळ्यांना माहीत आहे. अध्यक्षांनी चुकलं म्हणून सांगितलं. पेंटर म्हणाले, "येतो की. पन चारचौघांत म्हनालासा, तर चारचौघांत रंगाचा डबा तुमी धरायचा."

बोर्ड रंगवायच्या दिवशी मीही गेले. पेंटर शिडीवर आणि खाली दोन्ही हातांत डबा धरून अध्यक्ष. पांढऱ्या सदऱ्यावर लाल रंगाचे थेंब. निम्मी पेठ जमली होती. पेंटर खडूची रेघसुद्धा न मारता अक्षर ओढत होते, आणि एकही वळण अडखळत नव्हतं. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर स्वतःचं कौतुक वाटत होतं.

पेंटर खाली उतरले आणि त्यांनी मला बघितलं.

"त्यो ज्ञ काढलास काय, पोरी?"

"काढला, पेंटरकाका. कालच."

"आनि बाकीची?"

ब्रश फडक्याला पुसत ते उत्तराची वाट बघत होते. त्यांची सगळी अक्षरं त्या फोल्डरमध्ये तशीच होती. माझं खराब अक्षर तेवढं मी काढलं होतं. चोरीच्या मालातला भेसळीचा भाग काढून माल आणखी चोख केला होता, आणि वर बघायला आले होते.

दुसऱ्या दिवशी अख्खा फोल्डर डिलीट केला. मालक ओरडले नाहीत. त्यांनी ड्रॉवर उघडून सीडी काढली आणि माझ्यासमोर धरली. "बॅकअप हाय," म्हणाले.

मी नोकरी सोडली. सीडीच्या पुढं किती प्रती निघाल्या, माहीत नाही. आपली चूक पुसायला एक क्लिक पुरते, म्हणून माणूस आधी तीच पुसतो. दुसऱ्याचं परत करायला निघालं तर ते तोवर गावभर झालेलं असतं.