डोळे मिटा, लागेल तिथं बोट ठेवा

याकोबमामा गेल्याची बातमी मला वरठीच्या फलाटावर कळली. मी नागपूरच्या पॅसेंजरची वाट पाहत होते, पिशवीत दवाखान्याच्या औषधांची यादी होती. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक गृहस्थ मोटरसायकल बाहेर टाकून धापा टाकत आले आणि म्हणाले, मामा गेले. सकाळी फेरीवर निघायचं म्हणून पायजम्याला सायकलच्या क्लिपा लावल्या आणि खाटेवर तसेच मागे कलंडले. मी रडले नाही. औषधांची यादी उलटी केली आणि मागे लिहायला लागले. पेटीसाठी सुतार, पाळकांना निरोप, त्यांच्या मुलाला तार, कबर खणायला माणसं, पाण्याचे माठ. सहावं काही आठवेना, आणि तेवढ्यात माझ्या हाताने आपोआपच लिहिलं... माझी तपासणी. माणूस गेल्याच्या पहिल्या पाच मिनिटांत मला स्वतःची भीती वाटली, हे लिहिताना आज दीड महिन्यानंतरही लाज वाटते. पण ती भीती वगळून मामांविषयी लिहिणं मला जमणार नाही.

आमचा दवाखाना पवनी तालुक्यातला, मिशनचा, कुष्ठरोग्यांसाठीचा. आणीबाणी उठली त्या वर्षी मी तिथे नोंदवही आणि औषधांचं कपाट सांभाळायला लागले. यजमान गावच्या शाळेत शिक्षक, मुलगी दोन वर्षांची. मामा, सगळेच त्यांना मामा म्हणत, दवाखान्याचे फिरते कर्मचारी, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. ते सायकलवर गावोगाव फिरायचे, आसगावपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे. सायकलच्या मागे पत्र्याचा डबा. डब्यात पांढऱ्या गोळ्या, रोग्यांची कार्डं आणि कोंबडीचं एक पीस. कुणाच्या अंगावर फिकट चट्टा दिसला की मामा धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावरच, त्याला बसवायचे. "डोये मिटा. लागल तिथं बोट ठेवा." मग पिसाचं टोक कातडीवर इथे तिथे टेकवायचे. माणूस बोट ठेवत जायचा. एखाद्या ठिकाणी पीस टेकूनही बोट हललं नाही, की तिथली कातडी बधिर झालेली; मामांना उत्तर मिळालेलं असायचं.

मी कामात चोख होते, पण भित्री होते. गोळ्या देताना त्या मी कागदाच्या तुकड्यावर ठेवून पुढे सरकवायची, म्हणजे हाताला हात लागायला नको. मामांनी ते पहिल्याच आठवड्यात पाहिलं असणार. बोलले मात्र कधीच नाहीत.

आमचं भांडण व्हायचं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पुढच्या भेटीची तारीख कार्डावर लिहिली की मामा तिच्यापुढे 'प्र. इ.' लिहायचे. प्रभूची इच्छा असेल तर. मला हे खटकायचं. तारीख म्हणजे तारीख, त्यात हो-नाही कशाला? त्यात आसगावची एक म्हातारी एकदा माझ्यासमोर कार्ड आपटून म्हणाली, "काहो बाई, चार महिन्यांपासून कार्डावर लिवून राहिले, मंग प्रइची गोळी काहून नाई देत? चांगली गोळी मोठ्या घरच्यायले देता का?" तिने कार्ड शाळेतल्या नातवाकडून वाचून घेतलं होतं. मामा डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग म्हणाले, ते गोळी माह्यापाशी नसते माय, ते वरून येते. म्हातारीला हे पटलं नाही. सरकारी माल वरच अडतो, असं म्हणत ती गेली. मी संधी साधून म्हटलं, आता तरी हे लिहिणं बंद करा. मामांनी सायकलचं स्टँड काढलं आणि म्हणाले, "मास्तरीनबाई, तारीख मी लिवतो. दिवस मी नाई आनत."

रविवारी तर ते कपाटाला कुलूपच घालायचे. उपासनेनंतर तासभर वही लिहिली तर सोमवार हलका होईल, असं मी सुचवून पाहिलं. आपुन एक दिवस हात बांधून बसलो तरी जग चालते, हे आठवड्यातून एकदा पाहून घ्यावं लागते, नाहीतर मानूस सोतालेच मालक समजते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा भाऊ जवाहरनगरच्या कारखान्यात होता, क्वार्टर, पगार, सगळं व्यवस्थित. मामांनाही तिथे बोलावणं आलं होतं. का गेला नाहीत, असं विचारलं तर म्हणाले की तिथलं कामही प्रभूचंच आहे, फक्त त्यांना हाक इकडून आली. यापेक्षा मोठं स्पष्टीकरण त्यांनी आयुष्यात कधी दिलं नसावं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका सकाळी मुलीला न्हाऊ घालताना मला माझ्या डाव्या दंडावर चट्टा दिसला. रुपयाएवढा, फिकट, मध्ये कोरडा. असे शेकडो चट्टे मी माझ्याच अक्षरात वहीत नोंदवले होते. मी मुलीला पाटावर बसवलं आणि हात धुतले... पुन्हा धुतले.

त्याच दिवशी मी यादी केली. नोकरी सुटल्यावर काय, सासूबाईंना कळल्यावर काय, मुलीला कुणाकडे ठेवायचं, तिच्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर काय सांगायचं. मुलगी दोन वर्षांची, आणि मी तिच्या लग्नापर्यंत पोचले होते. घरात खोकल्याचं निमित्त करून तिला जवळ घेणं बंद केलं. ती रडायची आणि मी स्वयंपाकघरात भांडी मोठ्याने आपटायची. उकाड्यात लांब बाह्यांचं पोलकं घालायला लागले. मामा जेवायला बसले की त्यांच्या डब्यातलं पीस काढून कपाटाआड स्वतःला तपासायची. सोमवारी लागायचं, मंगळवारी नाही, बुधवारी पुन्हा लागायचं. प्रत्येक वेळची नोंद मी ठेवली होती. कामाच्या दिवशी भीतीला निदान रांगेत उभं करता यायचं. रविवारी यादीच नसायची. उपासनेत सगळे उभे राहून गात, आणि मी पोलक्याच्या बाहीवरून अंगठा फिरवत राहायची.

तीन आठवडे असे गेले. एका दुपारी मामांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. आत रांग बसलेली होती. हातात पीस धरून ते म्हणाले, हे डब्यात उलटं ठेवलेलं सापडते, रोज. त्यांनी माझ्या बाहीकडे पाहिलं. मग मी एका दमात सांगितलं की मी स्वतः तपासलंय, अठरा वेळा, अकरा वेळा लागलं, सात वेळा नाही.

"सोताच्या हातानं? डोये उघडे ठेवून?"

मी हो म्हटलं.

"पाह्यते डोया, अन् बाईले वाटते कातडीले लागलं," ते म्हणाले. "हे एकट्यानं करायचं काम नोहे, मास्तरीनबाई. बसा."

नोंदवही सांभाळणाऱ्या बाईला एवढी साधी गोष्ट कळू नये. धुऱ्यावरच्या प्रत्येक माणसाला त्यांनी डोळे मिटायला का सांगितलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी पायरीवर बसले, बाही वर केली, डोळे मिटले. लागलं तिथे बोट ठेवत गेले. मग बराच वेळ काहीच लागेना. मी वाट पाहत राहिले. डोळे उघडले तेव्हा मामा पीस डब्यात ठेवत होते.

"हाय," ते म्हणाले. "सुरवातीचंच हाय. अशातलं दुसऱ्याले लागत नाई. आज घरी गेली का पोरीले मांडीवर घेजो."

किती वर्षं, असं मी विचारलं. त्यांनी कोरं कार्ड काढलं, माझं नाव घातलं, पुढच्या महिन्याची तारीख लिहिली आणि पुढे 'प्र. इ.' त्या दिवशी मला ते खटकलं नाही, त्याने मी घाबरले. ती तारीख येईलच असं इथे कुणीच म्हणत नव्हतं. मामा उठले. बाहेर लोक बसून हायेत, म्हणाले. मी आत जाऊन माझीच नोंद माझ्याच अक्षरात केली आणि गोळ्या वाटायला बसले. कागदाचे तुकडे शोधावेसे वाटले नाहीत. पहिला तळवा एका म्हाताऱ्याचा होता, बोटं झडलेला. माझ्या तळव्याहून ऊनच होता.

मंडळीत कळलं तेव्हा काहींनी धीर दिला की प्रभूने हे तुला याच कामासाठी दिलं, यात त्याचा हेतू आहे. मामांना हे ऐकवलं तर पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "रोग प्रभू नाई वाटत. गोया आपुन वाटतो." यजमान मंडळीत रोग्यांसाठी मोठ्याने प्रार्थना करत. घरात ते मला कधी टोचून बोलले नाहीत, त्यांनी मला सोडलंही नाही. फक्त त्या दंडाकडे पाहणं बंद केलं. झोपायची बाजू बदलली, आणि ती बदललेलीच राहिली. मुलीला मात्र मी, मामांनी तपासलं त्याच संध्याकाळी, मांडीवर घेतलं होतं.

पुढे ऐंशी साल ओलांडल्यावर नवी औषधं आली. मामांनी माझ्या नावापुढे लाल पेन्सिलीने 'पूर्ण' लिहिलं. भीतीला तो शेरा लागू झाला नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, मामा त्याच पायरीवर मला तपासायचे. गरज नाही, असं एकदाही म्हणाले नाहीत. तपासून झालं की एवढंच म्हणायचे, "चला, लोक बसून हायेत."

त्यांना माती देऊन झाल्यावर महिन्याचा पहिला सोमवार आला. फलाटावरची यादी मी पूर्ण केली होती, शेवटची ओळ सोडून. दवाखान्यातून मी पीस घरी आणलं. दुपारी यजमान शाळेतून जेवायला आले तेव्हा ते त्यांच्यासमोर ठेवलं आणि काय करायचं ते सांगितलं. ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "सुरुवात कुठून करू?"

"ते सांगायचं नसतं," मी म्हटलं. बाही वर केली आणि डोळे मिटले.

काहीच लागलं नाही. मी मनात आकडे मोजायला लागले. दहा, वीस... काहीच नाही. हात सगळाच गेला, असंच वाटलं. तीसपर्यंत गेले आणि डोळे उघडले. यजमानांच्या हातातलं पीस माझ्या दंडापासून वीतभर दूर, हवेतच थांबलेलं होतं.

मी पुन्हा डोळे मिटले.

मग लागलं. मी बोट ठेवलं.