ओढणीच्या कोपऱ्याचा फोटो

गोरेगावात प्रेमदासचा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नसराईत त्याला जेवायलाही फुरसत नसते. पण गडी खरा खूष असतो तो सराई संपल्यावर. मग तो कॅमेऱ्याच्या लेन्सवर एक गोल काच फिरवून बसवतो आणि हळदीच्या पानावरच्या किड्यांपुढे पोटावर आडवा होतो. या काचेला क्लोज-अप लेन्स म्हणतात. कॅमेऱ्याला लावलेला जवळचा चष्माच म्हणा ना. घेतली होती नवरीच्या अंगठ्या-जोडव्यांसाठी, पण येते ती मुंग्या-मुंगळ्यांच्याच वाट्याला. तो राहतो त्या बंजारा तांड्यावर त्याची यथेच्छ टिंगल होते, आणि त्यात त्याची आई रुख्मिणीबाई सगळ्यांच्या पुढे.

यंदा मात्र बाईंचंच घोडं अडलं. प्रेमदासच्या लेकीचं, रीताचं, लग्न ठरलं होतं. तिने पणजीच्या हातची भरलेली ओढणी घ्यावी, असा रुख्मिणीबाईंचा हट्ट. ही पणजी म्हणजे बाईंची आई; बाई पाळण्यात असतानाच ती गेली. तिची म्हणून एवढीच वस्तू उरलेली, आणि नेमका तिचा एक कोपरा उसवला होता. भरतकामात बाईंचा हात धरणारं तांड्यात कुणी नाही. तरी त्यांचा टाका जुन्या कशिद्यात मिसळेना. घालायचा, बघायचा, उसवायचा. शेवटी त्या चिडल्या, "राहू द्या. पोरीला बाजारची आणा."

आईचा उतरलेला चेहरा प्रेमदासला बघवेना. "याडी, दे इकडं. फोटो काढून पाहतो."

"काहून? मुंगी हाय का ती?" पण दिली.

पहिले फोटो साफ फसले. काच चढवली, पण लग्नातल्या सवयीने तो लांब उभा राहिला, तर सगळं धुकं. ओढणी दोरीवर टांगली, तर वाऱ्याने हलायला लागली. मग ती बाजेवर सपाट अंथरली, काचेवर तशीच दुसरी काच चढवली, वीतभर जवळ गेला, श्वास रोखला आणि फोकसच्या रिंगला हात न लावता स्वतःच केसभर पुढे-मागे होत राहिला. ओणवा झालेला बाप पाहून रीताला हसू आवरेना. अखेर दोऱ्याचा पीळसुद्धा दिसला.

फोटो त्याने टीव्हीवर लावला. बोटभर कशिदा पडदाभर झाला. रुख्मिणीबाई उठून अगदी जवळ गेल्या आणि हवेतच सुई चालवून बघू लागल्या.

"सारे टाके उलट्या अंगाला तिरपे हायेत रे," त्या म्हणाल्या. "व्हय... माझी याडी डावरी होती!"

हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आईचा चेहरा आठवत नव्हता, फोटो तर नव्हताच. आज पहिल्यांदा तिचा हात दिसला. पदर डोळ्याला लावून त्या रडल्या आणि रडता रडता हसल्याही. मग त्यांचं लक्ष लेकाकडे गेलं. प्रेमदासही डावखुरा. लहानपणी डाव्या हाताने घास उचलला की याच बाईंची चापट बसायची.

"लई मारलं रे तुला," त्या म्हणाल्या. "तुझ्या नानीचा हात होता तो. मला काय ठावं?"

त्यांनी सुई ओवली आणि त्याच्या डाव्या हातात दिली. "मी सांगते तसं घाल."

प्रेमदास घामाघूम झाला. बोटाला सुई टोचली, दोन टाके वाकडे गेले, तिसरा मात्र जुन्यांच्या रांगेत बरोबर बसला. तेवढ्यात शेजारचा हरिचंद दारात आला आणि पोट धरून हसायला लागला, "काय रे, फोटो सोडून ओढणी भरून राहिला का?"

रुख्मिणीबाईंनी मान वर केली नाही. "हसू नको," त्या म्हणाल्या, "माझी याडी भरून राहिली हाय."