सुनेला घरात ठेवायला मी दिल्लीला गेले

खरं सांगते, दिल्ली बघायची हौस मला कधीच नव्हती. मी गेले ती लेकाच्या एका फोनमुळे. कौस्तुभ नोएडात नोकरी करतो. त्याला कंपनीने आठवड्याभरासाठी बंगळुरूला पाठवलं होतं आणि फ्लॅटवर माझी सून केविनो एकटी होती. केविनो नागालँडची. लग्नाला तीन वर्षं झाली. त्या आठवड्यात दिल्लीत तिच्याकडचा एक कॉलेजातला मुलगा बाजारात गेला होता. चेहऱ्यावरून कुणी काहीतरी बोललं, हा उलट बोलला, आणि पाचसहा जणांनी मिळून त्याला इतकं मारलं की तो शुद्धीवरच येईना.

"आई, तू जा," कौस्तुभ म्हणाला. "रोज निदर्शनं चाललीत, पोलीस काठ्या चालवताहेत. ती जाणारच, मला माहितीये. तिला घरात ठेव, बाकी काही नको."

आमच्या ह्यांचे गुडघे थंडीत बोलतात, म्हणून ते नाशिकलाच राहिले. मी डिंकाचे लाडू केले, दोन स्वेटर आणि कानटोपी घेतली आणि निघाले.

जानेवारीत दिल्लीला जाणाऱ्यांनो, पहिल्या दिवसाचं काही म्हणता काही ठरवू नका. नाशिकरोडची गाडी निजामुद्दीनला सकाळी पोचायची, ती धुक्यामुळे दुपारी अडीचला पोचली. केविनो फलाटावर उभीच होती. तिने वाकून नमस्कार केला आणि माझी बॅग उचलली. शेजारच्या बर्थवरच्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "लड़की अच्छी मिली है आपको. महीने का कितना लेती है?"

"बहू है मेरी!" मी अशी काही ओरडले की हमालसुद्धा वळून बघायला लागले.

केविनो हसली. "आई, ये तो रोज का आहे. आमच्या लिफ्टमध्ये पण विचारतात, कौनसे पार्लर में काम करती हो."

ती हसत होती, पण मला हसू येईना. नोएडापर्यंत कॅबला साडेचारशे रुपये पडले आणि ड्रायव्हर सगळा वेळ आरशातून तिच्याकडे बघत होता. मी तिचा हात धरून बसले. रात्री तिने वरणभात केला. वरणात आलं घातलं होतं! वरणात आलं घालणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली, पण दोनदा मागून घेतलं, ते कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फिरायचं काढलं. म्हटलं, हिला हिंडवत ठेवू, म्हणजे निदर्शनं डोक्यातून जातील. मेट्रोचं कार्ड पहिल्याच दिवशी काढा, रांगा वाचतात. एका जुन्या मकबऱ्याची बाग बघायला गेलो. सुरेख जागा, ऊन घेत बसावं अशी. तिकिटाच्या खिडकीवर मला भारतीय तिकीट मिळालं आणि हिला म्हणाले, "फॉरेनर वाला लगेगा." केविनोने न चिडता मोबाइलचं कव्हर उघडलं. आत आधार कार्ड होतं. तिने ते इतक्या सवयीने काढलं, जसं आपण बसमध्ये सुटे काढतो. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या.

संध्याकाळी बाजारात चार पोरं मागे लागली. काही करत नव्हती, नुसती पाठीमागून चालत होती, आणि एक जण कसलीशी चिनी भाषा बोलल्याचं सोंग करत होता. केविनो सरळ चालत राहिली. मला घाम फुटला, त्या थंडीत! तो दवाखान्यात पडलेला मुलगा असाच कुठल्यातरी बाजारात चालत असणार, एवढंच डोक्यात येत होतं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला साठाव्या वर्षी कळलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, उद्या मी जाणार आहे. रूथ पण येतेय." रूथ ही तिची मामेबहीण, फरीदाबादला नर्स आहे.

मी समजावलं, रागावले, कौस्तुभची शपथ घातली. शेवटी एक युक्ती काढली. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे, तिथल्या कॅन्टीनमध्ये मराठी जेवण मिळतं असं ऐकलं होतं. म्हटलं, उद्या तिथे जेवू. जेवणात दोन तास घालवू, तोवर ते सगळं आटपेल. ती लगेच हो म्हणाली. मला वाटलं, जिंकले मी! जागेची माहिती मला नव्हती, तिला होती.

नोएडाहून निळ्या मेट्रोने थेट मंडी हाउसला उतरायचं, तिथून चालत पाच मिनिटं. पिठलं-भाकरी झकास होती, ठेचा तर विचारूच नका. रूथ तिथेच येऊन मिळाली. लहानखुरी, गोड पोर. तिने माझे दोन लाडू खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून घेतला. वाढणारे साताऱ्याकडचे काका हळूच म्हणाले, "काकू, जेवून सरळ घरी जा. पुढच्या रस्त्याला बॅरिकेड लावलेत, पाण्याचे फवारे मारायची गाडीपण आलीय."

तेव्हा मला उमगलं. निदर्शनं तिथून हाकेच्या अंतरावर होती.

"एक तास, आई," केविनो म्हणाली. "तुम्ही इथेच बसा."

"तुझं मंगळसूत्र कुठंय?"

"कपाटात."

मी माझं काढलं. पस्तीस वर्षांत ऑपरेशनच्या वेळी सोडलं तर कधी काढलं नव्हतं. ह्यांना कळलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. तिच्या गळ्यात घातलं आणि स्वेटरच्या वर काढून ठेवलं. "दिसू दे," म्हटलं. आणि मग मीही निघाले त्यांच्याबरोबर. तिला एकटीला कशी सोडणार होते?

रस्त्यावर दोन-तीनशे मुलंमुली बसली होती. हातात त्या मुलाचे फोटो होते. कुणीतरी त्यांच्या चर्चमधलं गाणं म्हणत होतं. माझ्या शेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. म्हणाल्या, "मैं कॉलेज में थी, तब भी यहीं बैठी थी. तब दूसरा लड़का था. आज मेरी बेटी बैठी है."

"तब भी लाठी चली थी?" मी विचारलं.

"चली थी. पानी भी इतना ही ठंडा था."

मला उठून पळावंसं वाटत होतं. तेवढ्यात भोंग्यावरून घोषणा झाली, पाच मिनिटांत रस्ता मोकळा करा. पाच मिनिटं कसली! आधी पाणी आलं. जानेवारीतलं ते पाणी छातीवर बसलं आणि माझा श्वासच थांबला. मग काठ्या. काठीचा आवाज लांबून गादी झोडपल्यासारखा येतो. जवळून वेगळा येतो, त्यात हाड असतं. रूथने कुणाच्यातरी डोक्यावर हात धरला आणि काठी तिच्या मनगटावर बसली. पोलिसांनी तिला निळ्या बसमध्ये कोंबलं. मग एका महिला पोलिसाने केविनोचा दंड धरला.

मी मधे घुसले. "ये हमारी बहू है! मंगलसूत्र देखो! ये उनमें से नहीं है!"

एकदा नाही, तीनदा ओरडले. महिला पोलिसाने मंगळसूत्राकडे पाहिलं, माझ्या टिकलीकडे पाहिलं आणि हात सोडला. "ले जाओ, माताजी."

बसच्या दारात रूथ मनगट धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. केविनोनेही. केविनोने माझ्याकडे पाहिलं, त्यात राग नव्हता, मी कोण आहे ते पहिल्यांदाच दिसल्यासारखं होतं. मग ती वळली आणि आपल्या पायांनी बसमध्ये चढली.

दार उघडं होतं. मला चढता आलं असतं, कुणी अडवलं नसतं. पाय उचललाच नाही. बस गेली आणि मी फुटपाथवर ओलीचिंब उभी राहिले. भीती वाटत होती हो, दुसरं काही कारण नाही.

कॅन्टीनमधल्या काकांनी चहा पाजला, चार ठिकाणी फोन करून पोलीस ठाणं शोधलं आणि रिक्षात बसवून दिलं. ठाण्याबाहेर तीन तास बसले. अंधार पडता पडता सगळ्यांना सोडलं. रूथचं मनगट मफलरमध्ये बांधलेलं होतं. केविनोने मंगळसूत्र काढून माझ्या हातावर ठेवलं.

"तुझ्यासाठीच बोलले गं," मी म्हणाले.

"माहितीये, आई. पण रूथ माझी बहीण आहे. मैं उन्हीं में से हूँ." मग तिने आपली शाल काढून माझ्या ओल्या खांद्यांवर टाकली. तिघी मेट्रोत बसलो. उतरताना मी रूथला "सॉरी" म्हटलं. ती "कोई बात नहीं, आंटी" म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

चौथ्या दिवशी परतीची गाडी होती. केविनोने डब्यात पराठे दिले, वेळेवर पोचवलं, नमस्कार केला. कशातही कमी केलं नाही. त्यामुळेच मला जास्त लागलं.

नाशिकला येऊन तीन आठवडे झाले. शेजारणी विचारतात, दिल्लीला काय काय पाहिलं? मी मकबऱ्याची बाग सांगते, ठेचा सांगते. बसचं आज पहिल्यांदा इथे लिहितेय. मी ज्या बँकेत आयुष्य काढलं तिथे लोक मला वाघीण म्हणायचे. लेकाने सांगितलेलं काम मी चोख केलं होतं, सून पोलिसाच्या हातातून सोडवली होती. आणि सोडवताना तिच्या बहिणीला, त्या मुलाला, तिथे बसलेल्या सगळ्यांना मी काठीखाली ढकलून दिलं होतं, जणू त्यांना मारलं तर चालतं.

तो मुलगा आता डोळे उघडतो, बोलत नाही. शनिवारी ते सगळे पुन्हा बसणार आहेत. मी तिकीट काढलं. कौस्तुभ फोनवर ओरडला, हे तर दोन दिवस बोललेच नाहीत. काल केविनोला कळवलं.

तिने गाडीची वेळ विचारली. मग म्हणाली, "आई, बस आली तर?"

"चढेन" हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. खोटं बोलायचं नव्हतं.

"मला फार भीती वाटते गं," मी म्हणाले.

"मला पण, आई," ती म्हणाली. "रोज."