आधी सुटणारा कंप्युटर

सदलग्यात भरमूला ओळखत नाही असा माणूस सापडायचा न्हाय. वीस वर्षं त्यानं शर्यतीच्या बैलगाड्या हाकल्या. मग एकदा माळावर गाडी उलटली, कंबर मोडली, आणि डॉक्टरनं सांगितलं, आता गाडीत उभं राहायचं नाव काढायचं नाही. गड्यानं कंप्युटर घेतला, त्याला मोटारीसारखं चाक जोडलं आणि शर्यतीचा गेम खेळायला लागला. पंचेचाळिशीचा बाप्या, उसाला पाणी लावून यायचा आणि चिखलाच्या पायानंच चाकापुढं बसायचा. बायको रूपाली म्हणायची, "बैलं गेली, पर वरडणं काय गेलं न्हाय."

त्याचं खरं दुखणं कंबरेत नव्हतं, शेजारी होतं. चुलतभाऊ सौरव, दहा वर्षांनी धाकटा, भिंतीला भिंत लागून घर. बेळगावच्या कंपनीचं काम घरात बसून करायचा. त्याच्या कंप्युटरात एसएसडी होती, म्हणजे नव्या धाटणीची झटपट डिस्क. बटण दाबून घोट गिळेपर्यंत सगळं तयार. पडद्यावर चित्र पळवणारं ग्राफिक कार्ड मात्र कामापुरतं, साधंच. भरमूचा कंप्युटर निपाणीतनं घेतलेला, ग्राफिक कार्ड दणकट, पण आत जुनी हार्डडिस्क. चालू केला की गिरणीगत घरघरायचा आणि उघडता उघडायचा नाही.

खिडकीतनं वायर टाकून दोघं शर्यत लावायचे. दोघांचं उघडल्याबिगर ती सुटत नव्हती. सौरव रेषेवर येऊन थांबायचा आणि हाक मारायचा, "आण्णा, च्या पिऊन येऊ काय? तुझं आजून उघडतंयच न्हवं!"

कट्ट्यावरची माणसं फिदीफिदी हसायची. शर्यत सुटली की दहात सात वेळा भरमूच जिंकायचा, पण ते त्याच्या ध्यानात राहत नव्हतं. ध्यानात राहायचं ते रेषेमागं ताटकळणं, आणि सौरवची ती हाक.

अशात गावच्या जत्रेला मंडळानं ह्याच गेमच्या शर्यती ठेवल्या. प्रत्येक गल्लीचा एकच गडी, कंप्युटर ज्याचा त्यानं आणायचा. आमच्या गल्लीत खेळणारे हे दोघंच. ठरलं, रविवारी दोघांनी खेळायचं, जिंकेल त्यानं जायचं. कंबर मोडल्यापासून भरमूचं नाव जत्रेच्या लाउडस्पीकरवर आलं नव्हतं. ते त्याला परत ऐकायचं होतं. आणि त्या जागी सौरवचं नाव ऐकायची त्याची छाती नव्हती.

गुरुवारी त्यानं निपाणी गाठली. कंप्युटर दुरुस्तीवाला अभिनंदन त्याच्या वळखीचा.

"सौरवकडं हाय तसली एसएसडी घाल मला."

"घालतो की. पर कशापायी?"

"गाडी जोरात पळाय पायजे."

अभिनंदन हसला. "आण्णा, तिनं गेम बिगीनं उघडंल, रस्तं बिगीनं भरतील. पर पडद्यावर चित्र पळिवतंय ते कार्ड, आन् ते तुमचं झकास हाय. एसएसडी म्हंजे गोठ्याचं दार. दार झटक्यात उघडलं म्हणून बैल जास्ती पळतंय व्हय?"

"मला बैल शिकिवतोस व्हय रं? जी जोडी आधी सुटती तीच पुढं ऱ्हाती. मागल्यानं धूळ खायाची."

माळावर ते खरंच होतं. पण कंप्युटरात कुठली धूळ आणि कुठला माळ!

"बरं, तुमची मर्जी. माल सोमवारी येईल," अभिनंदन म्हणाला.

सोमवारी! भरमूला खात्रीच पटली, सौरवनं ह्याला आधीच फितवून ठेवलंय. परत येऊन तो थेट सौरवच्या दारात उभा राहिला.

"अदलाबदल करूया. तुझी एसएसडी आन् तुझं कार्ड मला दे. माझं कार्ड आन् हार्डडिस्क तू घे."

भरमूच्या पडद्यावर मोटार कशी तेलावरनं घसरल्यागत पळते, हे बघून सौरवही दोन वर्षं जळत होता.

"आण्णा, इच्यार कर. मागनं म्हणशील..."

"म्हणत न्हाय. दे टाळी."

कट्ट्यावरच्या चार जणांसमोर टाळी झाली. आमच्याकडं बैलाच्या अदलाबदलीत टाळी दिली की व्यवहार संपला. मागं फिरणाऱ्याच्या दावणीला पुन्हा कोणी उभं राहत नाही. सौरवनंच स्क्रू काढून ह्याचं त्याला, त्याचं ह्याला बसवलं.

रविवारी सकाळी सगळी गल्ली जमली. भरमूनं बटण दाबलं, आणि खाकरेपर्यंत त्याची मोटार रेषेवर! पलीकडं घरघर चाललेली.

"सौरवबाळा," भरमूनं खिडकीतनं हाक मारली, "जेवण करून येऊ काय रं?"

हशा पिकला. त्याच्या आयुष्यातली ती पाच मिनिटं सोन्याची.

मग शर्यत सुटली. भरमूच्या पडद्यावर रस्ता सलग येईना. यायचा, अडायचा, एकदम पुढं उडी मारायचा. वळण दिसलं तवा मोटार कठड्यात शिरलेली. सौरवच पलीकडनं ओरडला, "आण्णा, चित्र जरा हलकं कर! सेटिंगात जा!"

मला नादी लावून मागं पाडतोय, भरमूला वाटलं. त्यानं काही हलकं केलं नाही. दुसरी फेरी, तिसरी फेरी, सौरव मऊसूत निघून गेला.

जिंकून तो ह्याच्या घरात आला. "आण्णा, कार्ड घे माघारी. जत्रंला तूच जा. माझ्यापरास तू चांगला खेळतोस."

"टाळी दिलीया," भरमू म्हणाला.

"अवो, घ्या की गप!" रूपाली चुलीपाशनं कावली. "त्यो देतोय तर!"

घेतलं असतं, तर अभिनंदन खरा ठरला असता, आणि सौरव मोठा. भरमूनं तोंड फिरवलं.

जत्रेदिवशी तो मुद्दाम लांबच्या रानात गेला. पण लाउडस्पीकर तिथंवर पोचत होता. सौरवचं नाव तीन वेळा आलं. तेवढ्या वेळात उसाची एक सरी भरून वाहून गेली, तरी ह्याला पत्ता न्हाय.

आता घरात पाव्हणा आला की भरमू त्याला कंप्युटरपुढं बसवतो. "बघा हं," म्हणतो आणि बटण दाबतो. पाव्हणा म्हणतो, "लईच बिगीनं की वो! आता गेम लावा." पलीकडच्या घरात सौरवच्या मोटारीचा आवाज चाललेला असतो.

भरमू कंप्युटर बंद करतो.

"थांबा," म्हणतो, "परत दाखिवतो."